सॉफ्टबॉल-बेसबॉलचा डायमंड सुधारायचाय? आधी पाणी कुठं उभारतंय ते बघा

मुलगी सातवीत शाळेच्या सॉफ्टबॉल संघात गेली आणि पाठोपाठ मी मैदानाच्या कमिटीत. तिनं खेळ स्वतः निवडला होता. मला मात्र ‘वैनी, तुम्ही बँकेत होता, हिशेब तुम्हीच बघा’ म्हणून बसवलं गेलं. पहिल्या वर्षी वर्गणी जमली ती सगळी आम्ही जाळीवर घातली. बॅटिंग होते त्या होम प्लेटमागचा, चेंडू अडवणारा बॅकस्टॉप झकास उभा राहिला, त्याच्यासमोर सगळ्यांनी फोटो काढले. जुलैत त्याच जाळीच्या पायाशी बेडकं ओरडत होती. मैदानाच्या माळीमामांनी छत्री मिटत एवढंच म्हटलं, “तुमी इचारला असता तर मी सांगिटलो असतो की ओ, पाणी हितंच उभारतंय म्हणून.”

हे लिहिणं त्या एका वाक्यामुळे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात उद्यानातल्या किंवा वॉर्डातल्या मैदानावर बेसबॉल-सॉफ्टबॉलसाठी काही करायचं मनात असेल आणि यातलं काहीच माहीत नसेल, तर आम्ही ज्या क्रमानं चुकलो त्याच्या उलट्या क्रमानं जा.

खेळ कुठला, मुलं केवढी

डायमंड म्हणजे काटकोनी चौकोनच, फक्त कोपऱ्यावर उभा केलेला. एका कोपऱ्यावर होम प्लेट, बाकी तिन्हीवर पहिला, दुसरा, तिसरा बेस, म्हणजे धावणाऱ्यानं गाठायचे थांबे. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ९० फूट आणि पिचर चेंडू टाकतो तिथून होम प्लेट ६० फूट ६ इंच. क्रिकेटची बावीस यार्डांची खेळपट्टी म्हणजे ६६ फूट, त्यामुळे हे अंतर डोळ्यांसमोर आणायला सोपं जातं. सॉफ्टबॉलमध्ये बेस ६० फुटांवर आणि महिलांच्या खेळात पिचिंगचं अंतर ४३ फूट. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बेसबॉललाही बेस ६० फुटांवरच असतात, पिचर ४६ फुटांवर. म्हणजे ६० फुटांचा एकच डायमंड नीट केला तर मुलींचं सॉफ्टबॉल आणि लहान मुलांचं बेसबॉल दोन्ही त्यावर होतं. सॉफ्टबॉलला पिचरखाली उंचवटा नसतो आणि बेसबॉलला लागतो, ही एकच अडचण. त्यासाठी उचलून ठेवता येईल असा लाकडी किंवा फायबरचा उंचवटा मिळतो. तो घ्या, मातीचा कायमचा बांधू नका.

आता जागा. ६० फुटांच्या डायमंडला होम प्लेटपासून शेवटच्या कुंपणापर्यंत साधारण २०० फूट हवेत, आणि मागे बॅकस्टॉपपर्यंत २५ फूट. म्हणजे २२५ फूट लांब-रुंद तुकडा, ४६ ते ४७ गुंठे. मोठ्यांच्या बेसबॉलला होमपासून पहिल्या-तिसऱ्या बेसवरून पुढे जाणाऱ्या रेषेवर ३२० फूट आणि मागे ६० फूट धरले तर हाच हिशेब सव्वातीन एकरांच्या पुढे जातो. वॉर्डातल्या मैदानावर एवढी जागा निघणं कठीण. निघाली तरी तिथं आधीपासून क्रिकेट चालू असणार आणि त्या पोरांना हुसकावून तुमचा डायमंड टिकणार नाही, हे पहिल्याच दिवशी मान्य करा.

जागा कुणाच्या नावावर

हे कंटाळवाणं आहे, पण इथं अडकलात तर वर्ष जातं. शहरात सिटी सर्व्हेचा उतारा काढा, सीटीएस नंबर घेऊन जा. मैदान महापालिकेचं असेल, बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) लेआउटमधली अजून हस्तांतरित न झालेली खुली जागा असेल, कँपात असेल तर कँटोन्मेंटची असेल, किंवा एखाद्या शिक्षण संस्थेची. चौघांची दारं वेगळी. आमचं मैदान महापालिकेचं आहे असं आम्ही सगळे वीस वर्षं समजत होतो. उताऱ्यावर वेगळंच नाव निघालं आणि सहा महिन्यांचे अर्ज चुकीच्या टेबलावर पडून होते हे तेव्हा कळलं.

उद्यान किंवा खेळाची जागा म्हणून नोंद असेल तर कर्नाटकात त्यासाठी १९८५ चा स्वतंत्र कायदा आहे, उद्यानं, क्रीडांगणं आणि खुल्या जागांच्या जतनाचा. त्याचा उल्लेख अर्जात करा. तुम्ही मैदान मैदानच ठेवताय हे साहेबांच्या लक्षात आलं की त्यांचाही सूर बदलतो.

भाषेबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. अर्ज मराठीत लिहा, सोबत कन्नड प्रत जोडा. फाईल पुढच्या टेबलावर कन्नडमध्येच सरकते आणि तिथल्या कारकुनानं तुमच्या अर्जाचा सारांश त्याच्या समजुतीनं करावा, त्यापेक्षा तो तुम्हीच दिलेला बरा. आमच्या कमिटीत दोन कन्नडभाषक पालक आहेत, त्यांनी हे काम चहा प्यायला बसल्या बसल्या केलं. सीमाप्रश्नाचं जे व्हायचं ते होईल, पोरींना डायमंड या हिवाळ्यात हवाय.

पावसाळाभर मैदान नुसतं बघा

सगळ्यात मोलाचं काम फुकट आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून गणपतीपर्यंत आठवड्यातून एकदा मैदानावर चक्कर मारा. मोठी सर पडून गेल्यावर अर्ध्या तासानं एकदा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. फोटो एकाच जागेवरून काढा, तारखेसह. साध्या कागदावर मैदानाचा चौकोन काढून पाणी साचतं तिथं निळ्या पेननं रेघोट्या मारा. दोन महिन्यांत तुमच्या हातात जो कागद असतो, तसा कुठल्याही सल्लागाराकडे नसतो.

काय बघायचं? पहिलं, पाणी येतं कुठून. वरच्या बाजूच्या रस्त्याचं, शेजारच्या छपरांचं, की मैदानाचंच. दुसरं, जातं कुठं. आमच्याकडे शेजारचा रस्ता काँक्रीटचा झाला तेव्हा फूटभर वर आला आणि गटारही वर गेलं. मैदान होतं तिथंच राहिलं. त्या दिवसापासून मैदान म्हणजे परात. अशा ठिकाणी मैदानात कितीही चर खणा, शेवटचं तोंड गटाराच्या तळापेक्षा वर नसेल तर पाणी उलटं आत येतं. म्हणून बाहेरच्या गटाराच्या तळाची पातळी आधी मोजा. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी पुरते. एक टोक गटारात धरलेल्या पट्टीला, दुसरं डायमंडमध्ये रोवलेल्या काठीला लावायचं. नळीतलं पाणी दोन्हीकडे एका पातळीत थांबलं की दोन्ही ठिकाणी जमिनीपासूनची उंची मोजायची. गटारातली उंची जास्त भरली तर गटार खाली आहे, पाणी जाईल. कमी भरली तर थांबा, आधी तो प्रश्न सोडवा. शोषखड्डा, मैदान उचलणं किंवा दुसऱ्या बाजूच्या नाल्याकडे उतार देणं, एवढेच मार्ग आहेत आणि तिन्ही खर्चाचे.

उतार किती द्यायचा हेही नवख्यांना कळत नाही, आम्हालाही कळत नव्हतं. मातीच्या इनफिल्डला, म्हणजे बेसच्या आतल्या नि भोवतालच्या भागाला, दर १०० फुटांना ६ ते १२ इंच. त्याहून कमी दिला तर पाणी थांबतं, जास्त दिला तर माती धुऊन गवतात जाते. गवताच्या भागाला थोडा जास्त चालतो, १०० फुटांना १२ ते १८ इंच. डोळ्यांना हा उतार दिसतच नाही. ‘सपाट करून देतो’ म्हणणाऱ्या जेसीबीवाल्याला म्हणूनच खुंट्या मारून, दोऱ्या बांधून दाखवावं लागतं. सपाट मैदान हा शब्दच आमच्या कमिटीनं बंद केलाय.

एकाच जिल्ह्यात हा प्रश्न सारखा नाही. खानापूरकडे, कणकुंबीच्या बाजूला पावसाचा मार असा की चर, खडी आणि छिद्रांचे पाईप यांवरच बजेटचा मोठा वाटा जावा. अथणी-रायबागला उलटं, तिथं गवताला पाणी आणायचं कुठून हा पहिला प्रश्न. काळी माती असेल तर पावसात फुगते, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथं इनफिल्डपुरती काळी माती फूटभर तरी काढून मुरूम भरल्याशिवाय वरचं कुठलंच काम टिकत नाही.

तोंड ईशान्येला

होम प्लेटवरून पिचरकडे आणि पुढे दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, असं बेसबॉलच्या नियमपुस्तकातच सुचवलंय. कारण साधं आहे. संध्याकाळचा सूर्य बॅटरच्या डोळ्यांत जाऊ नये, अंगावर येणारा चेंडू त्याला दिसावा. आपल्याकडे शाळांच्या स्पर्धा बऱ्याचदा सकाळी असतात आणि हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून उगवतो, म्हणून मी आणखी थोडं उत्तरेकडे, नेमकं ईशान्येला धरते. सकाळचं ऊन उजव्या अंगाला, संध्याकाळचं पाठीशी. देवघराची दिशा म्हटलं की कमिटीतल्या ज्येष्ठांनाही लगेच पटतं, वेगळं समजावावं लागत नाही.

आमचा जुना डायमंड पश्चिमेकडे तोंड करून होता, कारण गेट त्या बाजूला होतं. पाच वाजता पोरी कपाळावर हात धरून बॅटिंग करायच्या. आणि हो, जाळी आधीच उभी असल्यामुळे तो फिरवायला जाळीच्या निम्म्या किमतीएवढा खर्च आला.

माती

इनफिल्डची माती म्हणजे नुसती तांबडी माती नव्हे. तिच्यात साधारण ६० ते ७० टक्के वाळू हवी, उरलेल्यात गाळ आणि चिकणमाती. वाळू जास्त झाली तर पाय सरकतो, वळताना घोट्याला लागतं. चिकणमाती जास्त झाली तर पावसात चिखल आणि उन्हात काँक्रीट. आम्ही पहिल्या खेपेला ‘लाल दिसते ना, मग झालं’ म्हणून जी घेतली ती पहिल्या वळवातच चपलेला दोन इंच चिकटली.

टिपर खाली करायच्या आधी बाटलीची परीक्षा घ्या. एक लिटरची पारदर्शक बाटली, तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर भांड्यांची पावडर. दोन-तीन मिनिटं जोरात हलवून खिडकीत ठेवा. मिनिटभरात जे तळाला बसतं ती वाळू, तिथं पेननं खूण करा. दोन-तीन तासांनी पुन्हा एक खूण, तो गाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यावर जो गुळगुळीत थर बसलेला असतो ती चिकणमाती. पट्टीनं तिन्ही थर मोजा, भागाकार करा. प्रयोगशाळेइतकं अचूक नाही, पण मातीवाल्याला ‘ही नको’ म्हणायला पुरेसं आहे. चार ठिकाणची माती आणून चार बाटल्या माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आठवडाभर होत्या. सासूबाई रोज विचारायच्या, कसलं लोणचं घातलंय.

वाळू कमी पडली तर क्रशरवरची एम-सँड बारीक चाळून मिसळा. उद्यमबागेतल्या फौंड्रीची वापरलेली काळी वाळू कुणी फुकट देऊ केली तर हात जोडा आणि परत पाठवा. तिच्यात बाइंडर, कोळशाची भुकटी, लोखंडाचे कण असतात आणि त्या मातीवर पोरी घसरून बेस गाठतात. कोपर-गुडघे सोलले जाणारच, निदान स्वच्छ मातीत सोलले जावेत.

बॅटरचा खळगा आणि पिचरच्या पायाखालची जागा, या दोन ठिकाणी मात्र उलटं, इथं चिकणमाती जास्त लागते. तिथं रोज खड्डा पडतो. अमेरिकेत यासाठी न भाजलेल्या मातीच्या विटा मिळतात. आपल्याकडे खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली, तिथं ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थासुद्धा आहे. आम्ही एका भट्टीवरून न भाजलेल्या शंभर कच्च्या विटा आणल्या, खड्ड्यात ओलसर अंथरून धुमसानं ठोकल्या, वरून इंचभर इनफिल्डची माती टाकली. एक हंगाम निघाला. दुसऱ्या हंगामाला वरचा थर बदलला. याहून स्वस्त काही मला सापडलेलं नाही.

किती माती मागवायची? ६० फुटांच्या डायमंडचा मातीचा भाग, कडेची थोडी जागा धरून, सुमारे ८ हजार चौरस फूट होतो. ४ इंच जाडी म्हणजे २,६६७ घनफूट, म्हणजे पावणेसत्तावीस ब्रास. रोलर फिरल्यावर माती बसते, म्हणून ३१-३२ ब्रास धरा. हा आकडा तोंडपाठ असू द्या. आमच्याकडे पहिल्या अंदाजपत्रकात १२ ब्रास लिहिले होते, म्हणजे दीड-पावणेदोन इंचांचा थर, आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्यासकट.

गवताची चिंता करू नका. अमेरिकेच्या उष्ण भागात बेसबॉलच्या मैदानांवर जे बर्म्युडा गवत लावतात, ती आपली हरळीच, गणपतीला वाहतो त्या दूर्वांचं कूळ. त्यांच्याकडे सुधारित वाण असतात एवढंच. जूनच्या पहिल्या पावसाला हरळीचे तुकडे फूटभर अंतरावर लावा, पावसाळा तिला वाढवतो. शेतकऱ्याला जी हरळी काढता काढता नाकीनऊ येतात, तिला इथं मान आहे.

आखणी

हे काम ठेकेदाराच्या माणसांवर सोडू नका. रविवारी सकाळी चार पालक, दोन लांब टेप, खुंट्या, सुतळी आणि फक्की घेऊन या.

होम प्लेटच्या मागच्या टोकावर खिळा ठोका, सगळी मापं त्या टोकापासून. ईशान्येची रेषा धरून दुसऱ्या बेसकडे ८४ फूट सव्वादहा इंच मोजा, तिथं दुसरी खुंटी. आता एक टेप होमच्या खिळ्याला, दुसरा दुसऱ्या बेसच्या खुंटीला. दोन्ही टेप उजवीकडे ओढत न्या आणि दोन्हीवर ६० फुटांची खूण जिथं एकमेकींना टेकते तिथं पहिला बेस. तसंच डावीकडे तिसरा. काटकोन वेगळा मोजावा लागत नाही, तो आपोआप येतो. मोठ्या बेसबॉलसाठी हेच दोन आकडे ९० फूट आणि १२७ फूट ३ इंच तीन अष्टमांश. टेप जमिनीवर लोळू देऊ नका, ताणून धरा. ढिला टेप ६० फुटांत सहज दोन इंच खातो. ज्यानं गावाकडं कधी शेताची हद्द मोजलीय त्याला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांना सांगा.

एक बारकावा. पहिला आणि तिसरा बेस पूर्णपणे चौकोनाच्या आत बसतो, त्याची बाहेरची कड खुंटीला लागते. दुसऱ्या बेसचा मात्र मध्यबिंदू खुंटीवर येतो. हे माहीत नसल्यामुळे बाहेरगावच्या एका प्रशिक्षकानं आमचा पहिला बेस बघून जो चेहरा केला तो अजून आठवतो.

लोखंडी कामं

बॅकस्टॉप निदान २० फूट उंच हवा. सॉफ्टबॉलला तो होम प्लेटपासून २५ ते ३० फुटांवर असतो. खांबांची खोली आणि काँक्रीट यात काटकसर नको, बेळगावात पावसाबरोबर येणारा वारा जाळी शिडासारखी ओढतो. बाजूला चालण्याचा ट्रॅक असेल तर पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या रेषेपर्यंत जाळी वाढवा. सॉफ्टबॉलचा चेंडू नावाला मऊ, वजनाला १७८ ते १९८ ग्रॅम, क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही जड. सकाळी फिरायला येणाऱ्या आजोबांना हे आधीच सांगून ठेवा.

बेस जमिनीत पक्के बसवायचे नसतात. काँक्रीटमध्ये चौकोनी पोकळ नळी पुरायची, बेसच्या खालचा दांडा तिच्यात बसतो. खेळ संपला की बेस काढून घरी, नळीवर रबरी बूच. मैदान पुन्हा क्रिकेटवाल्यांचं. नळीचं तोंड जमिनीपासून इंचभर खाली राहिलं पाहिजे आणि बूच हरवता कामा नये. उद्यमबागेतला कुठलाही फॅब्रिकेटर ही नळी करून देतो, फक्त गॅल्व्हनाइझ करून घ्या. आमच्या साध्या लोखंडाच्या नळ्या दोन पावसाळ्यांत गंजून बेस आतच अडकले, शेवटी ग्राइंडरनं कापले.

खेळाडूंच्या बाकांवर पत्र्याचं छप्पर, पिण्याचं पाणी आणि मुलींसाठी आतून कडी लागणारं स्वच्छतागृह. तिसरं नसलं की सातवी-आठवीनंतर मुली हळूहळू यायच्या बंद होतात, आणि कारण कुणी सांगत नाही. अंदाजपत्रकात याला जाळीच्या वर ठेवा. रॅम्प करायचाच, १ ला १२ या उतारानं.

अंदाजपत्रक आणि फाईल

टप्पे पाडा. पहिला, पाणी आणि उतार. दुसरा, माती आणि गवत. तिसरा, स्वच्छतागृह, बेस, जाळी. चौथा, बाकीचं सगळं. पैसे कितीही आले तरी क्रम बदलायचा नाही. देणगीदाराला जाळी आवडते, कारण तिच्यावर फलक लागतो. चरात पुरलेल्या पाईपवर कुणाचं नाव लिहिता येत नाही. आम्ही यावर तोडगा काढला. गेटजवळ एकच फलक, कन्नड आणि मराठीत, त्यावर सगळ्यांची नावं. कुणी कशाला दिले ते लिहिलंच नाही.

पैसा येण्याच्या वाटा ठरलेल्या. महापालिकेचा वॉर्ड निधी, आमदार निधी, खासदार निधी, आणि कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांसाठीचा निधी. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे, आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये परत येतंय. अर्जात हे एक वाक्य असू द्या. नुसतं ‘मैदान दुरुस्ती’ लिहिलं तर कारखान्याच्या सीएसआर टेबलावर तो अर्ज गटार दुरुस्तीच्या ढिगात जातो.

वेळेचं गणित मात्र नीट बसवा. निळ्या रेघोट्यांचा कागद सप्टेंबरात तयार, दिवाळीच्या सुमारास इंजिनिअर साहेबांबरोबर मैदानावर फेरी, डिसेंबरपर्यंत अंदाजपत्रक, म्हणजे अर्थसंकल्पाच्या आधी मागणी आत जाते. सरकारी पैशाचं काम कर्नाटकात १९९९ च्या पारदर्शकता कायद्याखाली निविदेनं जातं, त्याला वेळ लागतो, मधे निवडणूक लागली तर आचारसंहिता. सगळ्यात वाईट म्हणजे काम मेमध्ये सुरू होणं. वळीव येतो, खणलेली माती वाहून जाते, ठेकेदार म्हणतो पावसानं नेली, आणि खरंच पावसानं नेलेली असते. एप्रिलच्या मध्यापर्यंत मातीकाम संपत नसेल तर दसऱ्यापर्यंत थांबायचं ठरवा, कितीही जीव वर-खाली झाला तरी.

अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या. दिली नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज आणि ३० दिवस. पण आधी नीट मागा, बहुतेक वेळा मिळते. वाचताना तीन गोष्टी बघा. मातीचे ब्रास, उताराचा आकडा, आणि देखभालीची तरतूद आहे की नाही. शेवटची बहुतेक कागदांत नसते, दोन वर्षांची घालून घ्या.

दिव्यांबद्दल एवढंच, शेवटी करा. हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं बिल कुणी भरायचं हे लेखी ठरल्याशिवाय खांब उभे करू नका.

मैदान सगळ्यांचं

गणपती, शिवजयंती, प्रदर्शन, लग्नाचा मांडव, फटाक्यांचे स्टॉल. मैदान यासाठीही लागतं आणि लागणारच. तुम्ही नको म्हणालात तर डायमंड वाचणार नाही, तुम्हीच एकटे पडाल. जानेवारीत सगळ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना बोलावून वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा आणि एकच अट मागा, मातीच्या भागात मांडवाचा खड्डा नको. मांडववाल्याला वाळू भरलेली लोखंडी पिंपं चालतात, त्यावर खांब बांधता येतो. फटाक्यांच्या स्टॉलनंतर मात्र दोरीला बांधलेलं मोठं लोहचुंबक घेऊन पोरींना मैदानभर फिरवा. आमच्याकडे पहिल्या वर्षी साडेतीन किलो खिळे निघाले.

रोजचं

माती ओढायला जाळीचा एक तुकडा आणि त्याला बांधलेली दोरी पुरते. खेळ संपला की गोल गोल ओढायची, दर वेळी दिशा बदलून. पण गवताच्या कडेपासून दीड-दोन फूट आधी थांबायचं, उरलेलं हातानं पंजेदाताळ्यानं, कडेला समांतर. नाही थांबलात तर माती गवताच्या मुळांत जाऊन बसते आणि वर्षभरात तिथं शेताच्या बांधासारखा वरंबा तयार होतो. दिसतो दोन इंचांचा, पण इनफिल्डचं सगळं पाणी त्याच्यामागे अडतं, आणि तुम्ही दिलेला उतार, चर, पाईप सगळं बाहेर राहतं. आमचा दुसऱ्या वर्षीचा तलाव याच वरंब्यानं केला होता. ज्या दिवशी कुदळीनं त्याला दोन ठिकाणी तोडलं त्या दिवशी माळीमामांनी पायानं चिखल सरकवून वाट मोकळी केली, पाणी गवतात सुटलं, आणि ते म्हणाले, “आता जातंय बघा.”

तो निळ्या रेघोट्यांचा कागद अजून जपून ठेवलाय. दर जूनला त्याची नवी झेरॉक्स काढते आणि पहिल्या मोठ्या सरीनंतर निळं पेन घेऊन जाते. या वर्षी तिसऱ्या बेसमागे एक नवी रेघ आली आहे. शेजारच्या इमारतीनं छपराचा पाईप आमच्या बाजूला सोडलाय. सोमवारी त्यांच्या सेक्रेटरींकडे जायचंय.